आठ गाणी, एकच इको: अख्ख्या अल्बमच्या डबची नोंद

आठ गाण्यांच्या एका अल्बमचा आम्ही डब करतो आहोत, म्हणजे त्याच गाण्यांतले भाग गाळून, त्यांवर इको आणि रिव्हर्ब (घुमारा) चढवून केलेलं नवं मिक्स. सद्यस्थिती: पहिली पाच गाणी झाली, सहावं चालू आहे. मूळ अल्बम रूट्स रेगेच्या बाजाचा आहे, टेम्पो 68 ते 78 बीपीएम (मिनिटाला बीट). सगळे स्टेम (वाद्यांचे आणि आवाजाचे सुटे ट्रॅक) 24 बिट, 48 किलोहर्ट्झमध्ये आहेत आणि प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होते. हे आधीच तपासून घ्यावं. 44.1 ची एखादी फाइल 48 च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता शिरली, तर तिचा सूर जवळपास दीड सेमीटोन चढतो आणि ती हळूहळू बाकीच्यांच्या पुढे पळते.

सुटी आठ रिमिक्स ओळीने लावली म्हणजे डब अल्बम होत नाही. एकच हात, एकच इको आणि एकच रिव्हर्ब शेवटपर्यंत राहिला, तर ऐकणारा पहिल्या गाण्यात ज्या खोलीत शिरतो तिथेच आठव्यापर्यंत बसून राहतो. 1976 चा ‘गार्वीज घोस्ट’ हा डब अल्बम ऐका: जमैकाच्या बर्निंग स्पिअरच्या ‘मार्कस गार्वी’ची दहाही गाणी, त्याच क्रमाने, फक्त नावं बदललेली. उलट डब निर्माता मॅड प्रोफेसरने 1995 मध्ये मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडच्या ‘प्रोटेक्शन’चा ‘नो प्रोटेक्शन’ केला तेव्हा दहापैकी आठच गाणी घेतली आणि उत्तरार्धाचा क्रमही बदलला. तरी दोन्ही अल्बम सलग ऐकवतात, कारण प्रत्येकाची खोली पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच आहे. आम्ही क्रम मूळचाच ठेवतो आहोत.

जोडणी साधी आहे. डीले (इको देणारा इफेक्ट) आणि रिव्हर्ब दोन्ही सेंडवर (चॅनेलचा आवाज इफेक्टकडे नेणाऱ्या वेगळ्या वाटेवर), शंभर टक्के वेट, म्हणजे फक्त इफेक्टचा आवाज. ड्राय (इफेक्टविना) आवाज थोडाही मिसळला तर तो मूळ आवाजावर बसून त्याला पोकळ करतो. चॅनेलवर इन्सर्ट म्हणून, म्हणजे थेट त्याच्याच वाटेत, डीले लावू नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चॅनेल म्यूट केला की इन्सर्टमधली शेपटीही त्याच क्षणी तुटते, आणि डबमध्ये तर आवाज गेल्यावर मागे उरणारी शेपटीच हवी असते. डीलेचं रिटर्न (इफेक्टमधून परत येणारा आवाज) साध्या चॅनेलवर घ्या. मग त्याला इक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा) मिळतो आणि त्याच चॅनेलचा सेंड उघडून इको स्वतःलाच परत खायला घालता येतो. त्या रिटर्नवर 200 हर्ट्झखाली आणि साडेतीन किलोहर्ट्झच्या वर काप, शेवटी लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारा). लिमिटर नसेल तर फीडबॅक (इकोचा परत आत जाणारा हिस्सा) शंभर टक्क्यांच्या वर सरकताच स्पीकरचं काही खरं नाही.

वेळ काढायचं गणित: 60,000 भागिले बीपीएम म्हणजे एका बीटचे मिलिसेकंद. 72 ला 833 येतात. त्याच्या पाऊणपटीने, म्हणजे 625 ने, इको बीटवर न पडता बीटच्या फटीत पडतो आणि चालीला झोका मिळतो. तेच प्रमाण 68 ला 662 आणि 78 ला 577. मिलिसेकंद बदलतात, प्रमाण बदलायचं नाही. फीडबॅक 60 टक्के ठेवला तर प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा सुमारे 4.4 डीबी खाली येतं, म्हणजे 72 च्या गाण्यात सव्वासहा सेकंदांत 44 डीबी उतार. 75 टक्क्यांवर तेवढ्याच वेळात फक्त 25 डीबी उतरतात आणि पुढच्या ओळीवर गाळ साचतो. म्हणून मुक्काम 60 वर, आणि वर ढकलायचं ते फक्त हाताने, एखाद्या बारपुरतं.

गायकाचा आवाज पकडणं हे सगळ्यात नाजूक काम. सेंड ओळीच्या शेवटच्या अक्षरावरच उघडायचा, 300 ते 400 मिलिसेकंद, आणि लगेच बंद. लवकर उघडला तर आधीच्या शब्दाचे ‘स’ आणि ‘श’ आत घुसतात आणि प्रत्येक आवर्तनात सुईसारखे टोचतात. डीलेच्या आधी डी-एसर (‘स’-‘श’ दाबणारा) लावला तरी वेळ चुकण्यावर तो उपाय नाही.

स्प्रिंग रिव्हर्ब (धातूच्या स्प्रिंगचा घुमारा) रिमशॉटसाठी, म्हणजे स्नेअर ड्रमच्या कडेवरच्या फटक्यासाठी, राखून ठेवला आहे. वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यात किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि रिमशॉट तिसऱ्या बीटवर एकत्र पडतात, त्यामुळे किकची गळती सेंडमध्ये येतेच. ती आधीच 150 हर्ट्झखाली कापली नाही तर स्प्रिंग घुमते आणि बेस चिखलात जातो. चार किंवा आठ बारमध्ये एकदाच ठोका सोडायचा. प्रत्येक तिसऱ्या बीटला सोडला तर तो रिमशॉटचा कायमचा आवाज बनतो आणि कान दचकणं सोडून देतो. बेसला मात्र रिव्हर्ब अजिबात नाही. तो मधोमध आणि कोरडा.

किंग टबी या जमैकन डब इंजिनिअरच्या हाय-पास फिल्टरचं (खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरचं) बटण टप्प्याटप्प्याने फिरायचं, सरकत नव्हतं. तो खडखडीत चढ हवा असेल तर ऑटोमेशनची (सॉफ्टवेअरला बटण फिरवायला सांगणारी) रेघ पायऱ्यांची काढा. गुळगुळीत स्वीपने थेट नाचाच्या फ्लोअरवरचा हाउस हा संगीतप्रकार आठवतो. इथे तो परका वाटतो.

फेडर (आवाजाचे सरकते दांडे) हातानेच चालवायचे, अख्खं गाणं एका दमात. दोन-तीन पास (अशा पूर्ण फेऱ्या) ठेवून त्यांतले तुकडे जोडायचे असतील तर जोड नेहमी इको सोडण्याच्या आधी, वेट शांत असताना घ्या. शेपटीच्या मधोमध कापलं तर दुसऱ्या पासमध्ये ती शेपटी नसतेच आणि जागा एकदम कोसळते. माउसने रंगवलेल्या मिक्समध्ये सगळं जागच्या जागी असतं, पण फेडर किंचित उशिरा येण्याचा ताण नसतो. आम्हाला तो ताण हवा आहे.

सहाव्या गाण्याची अडचण अशी: मूळ बँड एकाच खोलीत वाजला, त्यामुळे गायक ड्रमच्या ओव्हरहेडमध्येही (वर टांगलेल्या माइकमध्येही) ऐकू येतो. आवाज म्यूट केला तरी दूरवरून कुणीतरी गातंय असं वाटतं. गेट (हळू आवाज आला की बंद होणारा) चालत नाही, कारण हाय-हॅटच्या प्रत्येक फटक्याला तो उघडतो आणि आवाजाचे तुकडे पडतात. सत्तरच्या दशकातल्या जमैकन डबमध्ये ही भुतं सर्रास भेटतात आणि ती फार गोड लागतात. म्हणून ओव्हरहेड 3 डीबी खाली घेऊन भूत राहू दिलं.

सहाव्यातून सातव्यात जाताना शांतता नको, इको वाहत जावा असं ठरलं आहे. पण सहावं ए मायनरमध्ये, सातवं बी फ्लॅट मायनरमध्ये. ऑर्गनची शेपटी पुढे नेली तर सातव्याच्या पहिल्या बेसनोटला ती अर्ध्या सुराने भिडते. त्यामुळे शेवटचा इको ऑर्गनचा न घेता रिमशॉटचा घ्यायचा आणि त्याला 800 हर्ट्झवर हाय-पास लावायचा, म्हणजे पट्टी कानावर येणार नाही. सातव्याचा टेम्पो 76 आहे, त्यामुळे डीले 625 वरून 592 वर आणायचा. तो बदल शेपटी पूर्ण विझल्यावरच करायचा, कारण टेपसारखा वागणारा डीले वाजता वाजता बदलला की सूर वर ओढला जातो.