हिंजपाशी तडकलेला लॅपटॉप वॉरंटीत दुरुस्त करून घेतला, माझा अनुभव

मी सांगलीत डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, कधी कुणाचा प्रबंध, आणि हे सगळं एकाच लॅपटॉपवर. तो घेऊन अकरावा महिना चालू होता. एक दिवस सकाळी झाकण उघडताना डाव्या बाजूला कट्ट असा आवाज आला. बघितलं तर स्क्रीन जिथं खालच्या भागाला जोडलेली असते तिथं, म्हणजे हिंजपाशी (बिजागरीपाशी), प्लॅस्टिकला केसाएवढी बारीक चीर. लग्नसराई ऐन भरात होती, म्हणून दोन-तीन दिवस तशीच काम करत राहिले, आणि चौथ्या दिवशी झाकण उघडलं की कीबोर्डच्या वरची पट्टी पण झाकणाबरोबर वर उचलली जायला लागली, बाजूनं नख जाईल एवढी फट.

लॅपटॉप कधीच पडला नव्हता. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं भांडण याच गोष्टीवर झालं.

घरातून पहिला सल्ला आला फेविक्विक लाव. मी नाही लावलं आणि तुम्हीही लावू नका. तो पातळ गोंद हिंजमध्ये उतरला तर ती जाम होते आणि जोर आणखी वाढतो, शिवाय नंतर कंपनीला म्हणायला जागा मिळते की तुम्हीच छेडछाड केली. मी बाकी काही न करता झाकण उघडंच ठेवलं, बंद करणं थांबवलं, आणि सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की वहीत लिहून ठेवली, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला यूएसबीला लावावा लागणारा तुकडा) काढून घरी ठेवला. मग टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली आणि त्यांनी सांगितलेल्या कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले.

काउंटरवरच्या माणसानं लॅपटॉप हातात घेतला, चीर बघितली आणि दहा सेकंदात सांगितलं, "फिजिकल डॅमेज आहे मॅडम, वॉरंटीत नाही बसत." अंदाजपत्रक ९,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,५६४. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खरं सांगते, पैशापेक्षा जास्त त्या बोलण्याचं, की जणू मीच आपटला आणि आता लपवतेय. मी म्हटलं पैसे भरायचे की नाही ते नंतर बघू, आधी माझ्यासमोर उघडून दाखवा कशामुळे तडकलं ते.

आतून एक इंजिनिअर आला, पंचविशीतला असेल. "या ताई, दाखवतो," म्हणाला आणि खालचं झाकण काढलं. त्या दोन मिनिटांत मला जे समजलं ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. हिंज लोखंडी असते पण ती ज्याला स्क्रूनं आवळलेली असते ते असतात बारीक पितळी नट, तुरीच्या दाण्याएवढे, प्लॅस्टिकच्या खुंट्यांमध्ये गरम करून दाबून बसवलेले, त्यांना इन्सर्ट म्हणतात. माझ्या लॅपटॉपमध्ये डावीकडच्या तीनपैकी दोन इन्सर्ट मुळासकट उपटून स्क्रूलाच लटकत होते आणि खाली प्लॅस्टिकचा काळा चुरा पडलेला. तो म्हणाला हिंज फार घट्ट झाली की झाकण उचलताना ती नीट फिरत नाही, मग तो सगळा जोर या नटांवर येतो, रोज थोडाथोडा, आणि एक दिवस प्लॅस्टिक सुटतं. पडलेला लॅपटॉप असेल तर कोपरा चेपलेला असतो, रंग उडालेला असतो. इथं चारही कोपरे जसेच्या तसे, आणि चीर नटापासून बाहेर आलेली.

मी तिथंच फोटो काढले. उपटलेले नट जवळून, चारही कोपरे, आणि एक फोटो असा की सीरियल नंबर आणि चीर दोन्ही एकात दिसतील. मग त्याला म्हटलं दादा, हे जे तुम्ही मला सांगितलं ते जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहा. तो जरा घुटमळला, कारण याचा ठरवायचा अधिकार त्याला नाही, तो फोटो वर पाठवतो आणि मंजुरी कंपनीकडून येते. तरी त्यानं लिहिलं, "कोपऱ्यांवर मार नाही, डाव्या हिंजचे इन्सर्ट निघाले आहेत." या एका ओळीसाठी मी त्याची कायम ऋणी आहे. जॉबशीटवर तारीख पडली हेही महत्त्वाचं, कारण वॉरंटी संपायला थोडेच दिवस राहिले होते, आणि बिघाड वॉरंटीत असताना नोंदवला हे त्या कागदानंच सिद्ध होत होतं.

तरीसुद्धा दोन दिवसांनी नकार आला. कारण एकच, सीआयडी, म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, ग्राहकाकडून झालेलं नुकसान. फोटो आणि जॉबशीट लावून ईमेल केला, तर परत तेच छापील उत्तर. मग मी १९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतून बोलता येतं. ते कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) मिळाला तो मी ईमेलमध्ये टाकला आणि सोबत लिहिलं की दुरुस्ती झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ही नुसती धमकी नव्हती, मी माहिती काढली होती. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही.

आठ दिवसांनी कंपनीतून एका वरिष्ठ बाईंचा फोन आला. परत फोटो मागितले, परत सगळं सांगितलं. मध्येच त्यांनी विचारलं, तुम्ही झाकण एकाच कोपऱ्याला धरून उघडता का? मी म्हटलं कधी मधोमध धरून उघडत असेन कधी कोपऱ्यातून, पण अमुक बाजूनं उघडू नये असं तुमच्या पुस्तिकेत कुठं लिहिलंय तेवढं दाखवा. त्यावर उत्तर आलं नाही, संध्याकाळी मंजुरी आली. मेलमध्ये शब्द होते "एक वेळची सवलत म्हणून". मला ते अजूनही खुपतं, कारण ही सवलत नव्हती, त्यांच्या मालात दोष होता आणि तो वॉरंटीत निघाला होता.

पार्ट यायला १२ दिवस लागले, तोवर नणंदेच्या कॉम्प्युटरवर रात्री बसून पत्रिका काढल्या. कीबोर्डसकट वरचा भाग आणि दोन्ही हिंज नव्या बसवल्या. नेताना तिथंच सगळं तपासलं, प्रत्येक बटण दाबून बघितलं, चार्जिंग, वायफाय, कॅमेरा, स्पीकर. झाकण चारपाच वेळा उघडबंद केलं, आता ते एका बोटानं उघडतं आणि खालचा भाग टेबलावरून हलत नाही. त्याच इंजिनिअरनं सांगितलं, ताई मधोमध धरून उघडत जा, आणि परत कधी जड वाटायला लागलं किंवा कटकट आवाज आला तर चीर पडायची वाट न बघता घेऊन या. बदललेल्या पार्टची ९० दिवसांची वॉरंटी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतली.

नवा कीबोर्ड अर्थातच नुसता इंग्रजी. माझ्या जुन्या कीबोर्डवरचे इनस्क्रिप्टचे (मराठी टायपिंगच्या अक्षरमांडणीचे) देवनागरी स्टिकर जुन्या भागाबरोबर कंपनीकडे गेले. येताना कोल्हापुरातूनच नवा स्टिकरचा कागद घेतला आणि त्या रात्री एकेक अक्षर चिकटवून मग शाळेचा अहवाल उघडला.