आत्याचं मनगट, मुक्काम बडोदे

आत्याचं प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात मी बडोद्याला गेले. खरं तर प्लॅस्टर हातावर असताना जायला हवं होतं, पण तेव्हा आमच्या तंत्रनिकेतनात परीक्षा होत्या. आत्याने कुरकुर केली नाही. फोनवर नुसतं म्हणाली, "ये गं आता, हात मोकळा झालाय, करून घालीन काहीतरी." आमच्या घरात यालाच कुरकुर म्हणतात.

बोरिवलीहून सकाळची गाडी पकडली. खिडकी मिळाली नाही, त्यामुळे वाचन झालं. मी बावीस वर्षं इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवते. रेष ही माझी रोजीरोटी: दिसणाऱ्या कडेची जाड रेष, लपलेल्या कडेची तुटक रेष, मध्यरेषा, मापाची रेष. प्रत्येकीची जाडी ठरलेली, चुकली की मार्क कापायचे. आणि गेले काही महिने मला नाद लागलाय तो लिजिया क्लार्क या ब्राझीलच्या चित्रकार बाईचा. या बाईने रेषेचाच पाठलाग केला आणि शेवटी ती कागद, कॅनव्हास, धातू सगळं मागे टाकून माणसाच्या अंगापर्यंत पोचली.

जन्म १९२०, बेलो होरिझोंतेचा. लग्न, तीन मुलं, आणि मग १९५० मध्ये पॅरिसला जाऊन फेर्नां लेजेसारख्या चित्रकारांकडे शिक्षण. परतल्यावर रिओत भौमितिक अमूर्त चित्रं काढणाऱ्या मंडळींत ती सामील झाली. चौकोन, त्रिकोण, सपाट रंग, काळं-पांढरं. इथवर मला काही विशेष वाटलं नव्हतं, असली चित्रं खूप जणांनी काढली. १९५४ मध्ये मात्र तिच्या एक गोष्ट लक्षात आली. चित्राचा कागद आणि त्याभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट एकाच रंगाचे असले, तर दोहोंच्या मध्ये एक रेष दिसते. ती कुणी काढलेली नसते. दोन पृष्ठं शेजारी आली की त्यांच्यामधली फटच रेष होते. रंग वेगळे केले की ती नाहीशी. दार आणि चौकट यांच्यामध्ये, दोन लाद्यांच्या मध्ये, तीच रेष. तिने तिला नाव दिलं सेंद्रिय रेष. (आपल्याकडे सेंद्रिय म्हटलं की गूळ आठवतो. मी मनात तिला 'फट'च म्हणते.)

बावीस वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याला फट काढायला शिकवलेलं नाही. जोडाच्या ड्रॉइंगमध्ये दोन भागांमधली मोकळी जागा मापाने दाखवतो आम्ही, पण रेष म्हणून तिला मान नाही. सुरत गेलं तरी माझ्या डोक्यात तेच चाललं होतं.

आत्याचं घर दांडिया बाजाराच्या आतल्या बाजूला. गायकवाडांच्या चाकरीत आलेल्या मराठी घरांची ही वस्ती. अजूनही जिन्यात कुणाकडचा तरी गोडा मसाला आणि कुणाकडचा तरी ढोकळा एकत्र वास देतात. आत्याची मराठीही तशीच, वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' लटकलेला. "बस ने आता, उभी काय राहिलीस?" तिने उजवा हात दाखवला. सहा आठवडे आत राहून कातडी पांढुरकी, सुरकुतलेली, मनगट बारीक झालेलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीने पिवळा रबरी चेंडू दिला होता, दिवसातून तीनदा पन्नास वेळा दाबायचा. चेंडू फ्रिजवर होता. "कंटाळा येतो," ती म्हणाली. "निर्जीव आहे तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबेकर वाड्यात गेले. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, लाकडी, आणि आत भिंतभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं: कृष्णलीला, दरबार, माणसांची दाटी. मी चित्रं बघायला गेले होते आणि बघत बसले दारांच्या फटी. लाकूड जुनं होत जातं तशी फट रुंदावते, एकीकडे बोट जाईल एवढी, दुसरीकडे केसाएवढी. असली रेष ड्राफ्टरने काढता येणार नाही. राखणदार दोनदा येऊन बघून गेला, बाई भिंत सोडून दारात काय शोधतेय म्हणून.

तिथून कलाभवन. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेली ही संस्था. आज इथे विद्यापीठाची तंत्रज्ञान-अभियांत्रिकी शाखा आहे. इमारतीकडे बघत पाच मिनिटं उभी राहिले, माझ्या जातीच्या लोकांचं कुलदैवतच हे. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. मग रिक्षा करून काळा घोडा, आणि तिथून चालत पुष्पबाग, म्हणजे फाइन आर्ट्स.

बडोद्यात रिक्षावाल्याला 'फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स' म्हणायची गरज नाही, 'फाइन आर्ट्स' पुरतं. १९५० पासूनची ही शाखा. चित्रकलेचं खातं उभं केलं ते इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्र्यांनी. देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी, मराठी माणूस. फाटकावर नाव लिहून आत गेले. कुणीतरी ग्राइंडरने लोखंड कापत होतं, एक मुलगी झाडाखाली ओल्या मातीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. मला इथे चित्रकार नसरीन मोहमदी शिकवायच्या ती जागा बघायची होती. अमुक खोली असं काही मी विचारलं नाही. विचारून तरी काय, रेषा का भिंतीला राहतात?

नसरीनबाई १९७२ मध्ये इथे शिकवायला आल्या. त्यांनी कॅनव्हास सोडला, रंग सोडले. छोट्या कागदावर शाई, पेन्सिल आणि आमचीच, ड्राफ्ट्समनची, उपकरणं. बारीक समांतर रेषा, जाळ्या, नंतर नंतर मोकळ्या अवकाशात झेपावणाऱ्या तिरक्या रेषा. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारीखही नाही. मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत चालला होता आणि कागदावरची रेष उलट अधिकाधिक नेमकी होत गेली. १९९० मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या.

गंमत अशी की त्याच १९७२ मध्ये लिजिया क्लार्क पॅरिसला, सॉर्बोन विद्यापीठात शिकवायला लागली. दोघींची भेट झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही, आणि ओढूनताणून नातं जोडायची मला हौस नाही. पण मातीत हात घातलेल्या त्या मुलीजवळच्या कट्ट्यावर बसून मला दोन वर्ग शेजारी शेजारी दिसत होते. इथे एक बाई हाताला हुकमत शिकवतेय. तिकडे दुसरी विद्यार्थ्यांना तोंडात दोऱ्याची रिळं धरायला लावतेय: एक जण जमिनीवर डोळे मिटून पडलेला, बाकीचे भोवती बसून तोंडातला लाळेने ओला झालेला दोरा ओढून काढतात आणि त्याच्या अंगावर सोडत जातात, शेवटी सगळे मिळून ते जाळं तोडतात. १९७३ चा हा प्रयोग. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला शिसारी आली होती, खोटं का बोला. आता वाटतं, तीही रेषच आहे, फक्त ती निघते पोटातून.

मध्ये काय झालं ते मात्र सांगायला हवं, नाहीतर चौकोनातून थेट लाळेत उडी मारल्यासारखं वाटेल. १९५९ मध्ये तिने आणि तिच्या सोबत्यांनी रिओत निओ-काँक्रीट जाहीरनामा काढला (काँक्रीट म्हणजे सिमेंट नव्हे, निव्वळ भूमितीची कला). त्यांचं भांडण भूमितीशी नव्हतं, भूमिती यंत्रासारखी वापरणाऱ्यांशी होतं. फट रुंदावत गेली तसा चित्राचा फळा दुमडायला लागला. १९६० मध्ये 'बिशोस' आले, म्हणजे प्राणी: अ‍ॅल्युमिनियमचे त्रिकोणी-गोल पत्रे बिजागऱ्यांनी जोडलेले, प्रेक्षकाने हातात घेऊन उलटसुलट करायचे. बिजागरी हीसुद्धा फटच की, हलणारी! किती आकार होतात विचारलं तर तिचं उत्तर असायचं की मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, त्या प्राण्याला माहीत आहे. आज हे प्राणी संग्रहालयांत जपून ठेवतात. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २०१४ साली तिचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा हाताळायला प्रतिकृती ठेवाव्या लागल्या.

त्या दुपारी मीही सयाजीबागेतल्या संग्रहालयात गेले, तिथली इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघायला. शाळेत असताना पाहिली होती. ममी बघून आत्याचं प्लॅस्टर आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. बाहेर येऊन सेव-उसळ खाल्ली. तर्री घालून देतात, पाव वेगळा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिखट. बाकी त्या दुपारबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी चेंडूचा विषय पुन्हा निघाला. आत्याने दहा वेळा दाबून तो ठेवून दिला. तेव्हा मला क्लार्कचं मनगट आठवलं. तिचंही मोडलं होतं, मोटारीच्या अपघातात. मनगटासाठी वापरलेली प्लास्टिकची पिशवी तिने काढली, हवेने फुगवली, रबर लावून बंद केली, तिच्या एका कोपऱ्यावर छोटा दगड ठेवला आणि पिशवी दोन तळव्यांत धरून हलकेच दाबली. 'दगड आणि हवा', १९६६. तिथून पुढे तिच्या कामात वस्तू नावालाच उरली.

"भाजीची पातळ पिशवी आहे?" मी विचारलं. आत्याकडे पिशव्यांची पिशवी आहे, सगळ्यांच्या आत्यांकडे असते. पहिली पिशवी गळकी निघाली. दुसरी फुगवली, तोंडाला रबर दोनदा फिरवलं. दगड म्हणून कुंडीतली एक गुळगुळीत गारगोटी धुऊन घेतली. पिशवीचा वरचा कोपरा बोटाने आत दाबून गारगोटी त्या खळग्यात बसवली आणि पिशवी आत्याच्या दोन्ही हातांत दिली. "दाब. हळू."

गारगोटी वर आली. हात सैल सोडले, गारगोटी खाली गेली. आत्या काही बोलली नाही. पुन्हा दाबलं. उजवा हात कमी दाबत होता म्हणून गारगोटी कलत होती. मग डाव्याने आपण होऊन जोर कमी केला आणि ती सरळ झाली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे, कुकरच्या शिट्ट्या मी मोजायच्या ठेवून दिल्या.

"श्वास घेतेय गं ही," आत्या म्हणाली. आणि मग, थोड्या वेळाने, "तुझ्या काकांच्या छातीवर शेवटी शेवटी हात ठेवून बसायचे ने मी, असंच."

मला यावर बोलता आलं नाही. क्लार्क १९७६ मध्ये रिओला परतली आणि घरीच माणसांना गादीवर निजवून त्यांच्या अंगावर असल्याच वस्तू ठेवायला लागली: पाण्याच्या, हवेच्या पिशव्या, वाळूच्या उश्या, आणि मुठीत एक दगड. ती डॉक्टर नव्हती. याला कला म्हणायचं की उपचार, यावर अजून वाद घालतात लोक. दांडिया बाजारातल्या त्या खोलीत मला तो वाद फार लांबचा वाटला.

जेवणं झाल्यावर झोपाळ्यावर बसलो. मी वहीच्या कागदाची लांब पट्टी कापली, एक पीळ देऊन टोकं डिंकाने चिकटवली. मोबियस पट्टी, वर्गात दरवर्षी करून दाखवते. मधोमध कापली की दोन न होता एकच लांब पट्टी होते, पोरं खूश. स्विस शिल्पकार माक्स बिलने अशाच पिळाच्या पृष्ठातून पोलादी शिल्प केलं होतं आणि १९५१ मध्ये साओ पाउलोच्या पहिल्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्याला पारितोषिक मिळालं. क्लार्कने १९६३ मध्ये पोलाद वगैरे काही घेतलं नाही. कागद, कात्री, डिंक. 'कामिन्यांदो', म्हणजे चालत चालत. कात्री टोचायची आणि पट्टीच्या लांबीने कापत जायचं. फेरा पूर्ण होऊन पहिल्या कापाशी आलात की त्यात शिरायचं नाही. त्याच्या उजवीकडून जायचं की डावीकडून ते तुम्ही ठरवा. पट्टी अरुंद होत जाते, कापायला जागा उरेनाशी होईपर्यंत. ढीग उरतो तो कलाकृती नव्हे. कापणं चालू होतं तेवढीच कलाकृती.

आत्याने शिवणाची कात्री आणली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा उजव्या हातात कात्री. मी म्हटलं, मी कापते; तिने माझ्याकडे असं बघितलं की मी झोपाळ्याला पायाने हळू झोका देत गप्प बसले. झोका आणि कात्री यांचा मेळ जमेना, म्हणून झोपाळा थांबवला. ती कापत राहिली. पहिल्या कापाशी आली तेव्हा थांबली.

"कुठनं जाऊ?"

"तुझं तू बघ."

"मोजून सांग ने. तू मास्तरीण."

नाही सांगितलं. ती डावीकडून गेली. वेटोळी तिच्या मांडीवरून खाली लोंबायला लागली, चौथ्या फेऱ्याला पट्टी काडीएवढी राहिली आणि कात्री तिच्या बाहेर गेली. आत्याने मनगट झटकलं, दुखत होतं. कागदाचा गुंता गोळा करून तिने केराच्या डब्यात टाकला. मी वाकून बघत होते तर म्हणाली, "ठेवायचा होता का?"

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. बरोबर दोन किलो लीलो चिवडा, पैकी एक किलो शेजाऱ्यांसाठी, असं बजावून दिलेला. भरूच यायच्या आत फोन वाजला.

"अगं, हवा गेली पिशवीतली. रबर एकदा फिरवायचं का दोनदा?"

"दोनदा."

"थांब हं, ठेवू नको," असं म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला, आणि मग बराच वेळ नुसता प्लास्टिकचा आवाज येत राहिला.