रेंजफाइंडरला जोडीदार शोधताना: गाडी अडली ती कोपऱ्यात

“मिररलेसवर काहीही लागतं हो, अडॅप्टर घ्या की झालं.” रेंजफाइंडरच्या (वेगळ्या खिडकीतून बघत, दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायच्या कॅमेऱ्याच्या) सोबतीला दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायची म्हटल्यावर हे वाक्य मला ज्याने त्याने ऐकवलं. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर अडॅप्टरची कडी मध्ये घालून दुसऱ्या कॅमेऱ्याची लेन्स लागते, यात खोटं काही नाही. लागल्यावर चित्राच्या कडांचं काय होतं हे मात्र कुणी बोलत नाही.

माझ्याकडे लायका एम१० आहे आणि २८, ५० व ९० मिमीच्या एम-माउंट (लायकाच्या एम कॅमेऱ्यांच्या खाचेत बसणाऱ्या) लेन्स. ती विकायचा विचार मनात कधी आला नाही. पण रेंजफाइंडर काही कामं करतच नाही. रेंजफाइंडरशी जोडलेलं फोकस ०.७ मीटरच्या अलीकडे येत नाही. लेन्स किती दृश्य टिपेल हे दाखवणारी चौकट ९० मिमीला व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एवढीशी दिसते आणि १३५ची तर शोधावी लागते. उलट चष्मा लावणाऱ्याला २८ची पूर्ण चौकट एका नजरेत दिसत नाही. हात हलला तरी चित्र सावरणारं सेन्सरचं स्थिरीकरण नाही, ऑटोफोकस नाही. एम१०वर वरून बसणारा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर लावता येतो, तो मी वापरून पाहिला. त्याने चौकटीचा प्रश्न सुटतो, बाकीचं जिथल्या तिथे राहतं.

माउंटचं गणित सोपं आहे. एम-माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर २७.८ मिमी. सोनी ई-माउंटचं १८, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफ आणि एल-माउंटचं २०. म्हणजे मधल्या फरकाएवढी जाड धातूची कडी बसवली की झालं: सोनीला ९.८ मिमी, निकॉनला ११.८, बाकी दोघांना ७.८. आत एकही भिंग नाही. त्यामुळे कागदावर सगळ्याच बॉडी पास होतात. मेगापिक्सेल, बॅटरी, स्क्रीन कशी वळते, हे सगळं मी एका संध्याकाळी उरकलं. तुम्हीही त्यावर फार वेळ घालवू नका, आजच्या कुठल्याही फुल-फ्रेम बॉडीत ते पुरेसं आहे.

मग एक बॉडी वापरून पाहायला आणली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. ५० लावली, उत्तम. ९० लावली आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मोठं करून फोकस केलं, तर रेंजफाइंडरवर कधी मिळाली नव्हती इतकी नेमकी धार मिळाली. आता फक्त २८ राहिली होती. माझी २८ जुन्या धाटणीची आहे, सममितीय रचनेची, मागचं भिंग बॉडीत खोल शिरणारं. एम१०वर ती कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. या बॉडीवर मध्यभाग तसाच स्वच्छ, आणि कडांकडे जावं तसं झाडांची पानं ओल्या बोटाने पुसल्यासारखी.

इथून माझा संताप सुरू झाला. ज्याला विचारावं तो लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, लहान करायला सांगे: “एफ/८ वर बंद करा.” केलं. थोडं सुधारलं. एफ/११ वर आणखी थोडं. पण मुळात मी वेगवान, म्हणजे मोठ्या ॲपर्चरची, लेन्स वापरते ती एफ/११ वर ठेवायला नव्हे! विक्रेत्याने लेन्सच सदोष असेल असं सुचवलं. एम१०वर काढलेली चित्रं दाखवली, तर त्याने ती नीट पाहिलीही नाहीत.

दोष लेन्सचा नव्हता आणि अडॅप्टरचाही नव्हता. सेन्सरच्या समोर काच असते. इन्फ्रारेड गाळणी आणि संरक्षक थर मिळून तिची एक जाडी होते. लायकाच्या डिजिटल एम बॉडीत ती जेमतेम १ मिमीची, किंबहुना त्याहूनही पातळ ठेवलेली आहे. अनेक मिररलेस बॉडीत ती २ मिमीच्या आसपास असते आणि मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांमध्ये ४ मिमीच्या आसपास. मधोमध किरण सरळ येतात, त्यांना या काचेचं फारसं काही वाटत नाही. पण रेंजफाइंडरच्या वाइड लेन्समधून कोपऱ्यात जाणारे किरण खूप तिरपे येतात. तिरपा किरण जाड काचेतून गेला की त्याचं फोकस मागे सरकतं. ते उभ्या आणि आडव्या दिशेला सारखं सरकत नाही, म्हणून कडा फिसकटतात. फिल्मसमोर काचच नव्हती, त्यामुळे फिल्मच्या काळात या लेन्स आखणाऱ्यांना हा विचार करावाच लागला नाही. मिररलेससाठी बनवलेल्या लेन्समध्ये काचेची जाडी आधीच हिशोबात धरलेली असते, म्हणून कंपनीची स्वतःची २८ त्याच बॉडीवर झकास चालते.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला साधा प्रश्न पाठवला: या बॉडीत सेन्सरपुढच्या काचेची जाडी किती? उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं की सर्वोत्तम परिणामांसाठी आमच्याच लेन्स वापराव्यात. मी पुन्हा लिहिलं की सल्ला नको, आकडा हवाय. पुन्हा वाट. या वेळी माहितीपत्रक आलं, जे मी आधीच पाठ केलं होतं. त्यात वजन ग्रॅमपर्यंत, व्ह्यूफाइंडरचे ठिपके, मेमरी कार्डांचे प्रकार, चालण्याचं तापमानसुद्धा. मला हवा तो एक आकडा सोडून सगळं. तोपर्यंत बॉडी परत करायची मुदत संपत आली, म्हणून परत केली. परत घेताना “नेमकी अडचण काय?” या रकान्यात लिहायला पर्याय होते: रंग आवडला नाही, आकार योग्य नाही, वस्तू खराब. ‘काच जाड’ असा पर्याय नव्हता.

तेव्हा आकडा मिळेल या आशेवर बसू नका, स्वतः तपासा. तपासायची रीत अशी. कॅमेरा तिपाईवर, समोर खूप दूरचं बारीक तपशील असलेलं दृश्य, कोपऱ्यातही तपशील हवा. नुसतं आकाश असलेला कोपरा काही सांगत नाही. लेन्स पूर्ण उघडी. एकदा मध्यभागी मोठं करून फोकस करा आणि चित्र काढा. मग मोठं करण्याची चौकट कोपऱ्यात नेऊन तिथे फोकस करा, पुन्हा चित्र. दुसऱ्या चित्रात कोपरा धारदार आणि मध्य मऊ झाला, तर फोकसचं प्रतल (जिथे सगळं धारदार दिसतं तो पडदा) वाकलंय, म्हणजे काचेचा परिणाम. चारपैकी एकच कोपरा वाईट असेल, तर लेन्स किंवा अडॅप्टर तिरका आहे. काचेचा परिणाम चारही कोपऱ्यांत सारखा दिसतो. आणि हेच चित्र रेंजफाइंडरवर त्याच जागेवरून काढून ठेवा, नाहीतर विक्रेता तुम्हालाही लेन्स सदोष असल्याचं सांगेल.

कडांना जांभळट किंवा हिरवट छटा दिसली, तर ती वेगळी गोष्ट. मागून प्रकाश घेणाऱ्या सेन्सरमध्ये ती कमी असते. उरलेली, पांढरं अर्धपारदर्शक प्लास्टिक लेन्सपुढे धरून त्याच ॲपर्चरवर काढलेल्या चित्राच्या आधारे संगणकावर घालवता येते. पुसट कडा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. सेन्सरवरची काच काढून पातळ काच बसवून देणारेही आहेत. पण मग वॉरंटी जाते, आणि त्या बॉडीच्या स्वतःच्या लेन्सच्या कडा बिघडू शकतात. नवी बॉडी पहिल्याच दिवशी उघडायला द्यायची माझी तयारी नव्हती.

मग मार्ग दोनच उरले. एक, लायकाची एसएल मालिका. तिचे सेन्सर एम लेन्स डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत, आणि लायकाचा स्वतःचा अडॅप्टर लेन्स कोणती ते सांगणारी तिच्यावरची सहा ठिपक्यांची खूण वाचतो. हाती घेऊन पाहिली, कोपऱ्यांबद्दल तक्रार नाही. पण एसएल२ची नुसती बॉडी बॅटरीशिवाय ८३५ ग्रॅम, आणि मी रेंजफाइंडर वापरते ती मुख्यतः खांदा दुखू नये म्हणून. दुसरा मार्ग निकॉन झेड. त्यांच्या बॉडीत काच सुमारे १.१ मिमीची असल्याचं मोजणाऱ्यांनी सांगितलंय. २८ लावून वरची चाचणी केली. एम१०इतकी नाही, पण एफ/४ला कोपरे छापण्याजोगे. मी २०२३ साली आलेली झेड एफ घेतली, बॅटरी आणि कार्डासकट ७१० ग्रॅम. वर शटर आणि आयएसओच्या तबकड्या आहेत, त्यामुळे हात गोंधळत नाहीत. आणखी एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती: मॅन्युअल लेन्स असतानाही ती माणसाचा डोळा ओळखते, आणि मोठं करायचं बटण दाबलं की दृश्य थेट त्या डोळ्यावर जातं. ९० मिमीवर उघड्या ॲपर्चरला याने जे सुख दिलं, त्यापुढे ग्राहक सेवेवरचा राग निम्मा उतरला.

अडॅप्टरबद्दल सांगायचं राहिलं. बहुतेक अडॅप्टर हव्या त्या जाडीपेक्षा किंचित पातळ बनवतात, अनंतावर फोकस नक्की पोचावं म्हणून. त्यामुळे लेन्स अनंताच्या पुढे जाते आणि तिच्यावरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात. आकडे पाहून आधीच फोकस लावून ठेवायची रेंजफाइंडरची सवय इथे सोडा. घेताना लेन्स लावून हलवून बघा, खेळ असेल तर नको. आतली बाजू चकचकीत असेल तर उन्हात चित्र फिकं पडतं. फिरवला की लेन्सला पुढे ढकलणारा स्क्रू आत असलेला अडॅप्टर मिळाला तर तोच घ्या. लेन्स पुढे सरकते आणि ०.७ मीटरची अडचण त्याच झटक्यात मिटते. साध्या कडीने ती मिटत नाही.

रंगीत कडा दाखवणारं फोकस पीकिंग मी बंद ठेवलंय. उघड्या ॲपर्चरला ते नाकाच्या शेंड्यावरही रंग दाखवतं आणि कानावरही. आणि लेन्सशी इलेक्ट्रॉनिक संपर्क नसल्यामुळे बॉडीला फोकल लांबी कळत नाही. मेनूत तिन्ही लेन्सची लांबी आणि ॲपर्चर भरून ठेवा, आणि लेन्स बदलली की नोंदही बदला. ९० लावून २८ची नोंद राहिली, तर स्थिरीकरण चुकीच्या मापाने चालतं आणि चित्र हलतं. दोष पुन्हा लेन्सवर जातो.