तुम्ही विचारलंत म्हणून : परळला रोज काय चालायचं?

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते असं कळलं की एक प्रश्न हमखास येतो. माझे विद्यार्थीही परळच्या हाफकिन संस्थेच्या फाटकासमोर उभं राहून तोच विचारायचे. "हाफकिननी प्लेगची लस शोधली, ते ठाऊक आहे. पण लस तर सापडली होती ना? मग एवढ्या मोठ्या वाड्यात माणसं रोज करायची काय?"

या प्रश्नाचा मला कधी कंटाळा आला नाही. माझाही जन्म या 'रोज'मध्येच गेला : काचसामान उकळायचं, मीडिया (जंतू वाढवायचं पोषक द्रव) करायचा, नळीवर तारीख घालायची, वहीत लिहायचं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात परळला झाली नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला आणि हा प्लेग आहे असं उघड सांगितलं. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. त्याआधी ते कॉलऱ्याच्या लशीचं काम करत होते. इथे त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचलं. न टोचलेल्या १७२ जणांत १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ गेले. टोचलेल्या १४७ जणांत दोघांनाच झाला आणि दोघेही वाचले.

पुस्तकातली गोष्ट बहुतेक इथे थांबते. खरं काम इथून पुढचं आहे.

प्लेगचा जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं. गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं असतं तर या शहरातला निम्मा माणूस सुईजवळ आला नसता, म्हणून सूप बकऱ्याच्या मांसाचं. त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडायचे. ते वर तरंगतात, जंतूला धरायला जागा मिळते आणि तो थेंबाच्या खालच्या अंगाने वाढत सुपात उतरतो, अगदी वडाच्या पारंब्यांसारखा. तुपाची ही युक्ती हाफकिन यांची. तिचा दुहेरी उपयोग होता. पीक भरपूर येई, आणि अशा पारंब्या दिसल्या की चंबूत प्लेगचाच जंतू वाढतोय याची खूण पटे.

पण या पारंब्या फार नाजूक. चंबूला जरासा धक्का लागला तरी गळून तळाशी जातात. म्हणून चंबू दिवसचे दिवस न हलवता ठेवायचे. वाढ पुरेशी झाली की मुद्दाम हलवून ती खाली पाडायची, पुन्हा स्थिर ठेवायचं, नवं पीक येऊ द्यायचं. असं पाच-सहा आठवडे. मग सगळं तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक घालायचं, बाटल्या भरायच्या, बुचं लावायची, क्रमांक टाकायचा. मधेच एखाद्या चंबूत परका जंतू शिरला की तो चंबू बाद, महिन्याभराची मेहनत वाया. दारात माणसं मरत असताना महिनाभर न हलणाऱ्या चंबूची राखण करायची, याला काय लागतं ते लॅबमध्ये काम केलेल्यालाच कळेल.

जागा अर्थातच पुरेना. इस्माइली समाजाचे प्रमुख तिसरे आगाखान यांनी स्वतः चारचौघांत लस टोचून घेतली आणि आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेला दिला. १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. मुळात तो पोर्तुगीज काळातला जेझुइटांचा मठ, पुढे गव्हर्नरचा निवास. जिथे मेजवान्या व्हायच्या त्या दालनांत सुपाचे चंबू मांडले गेले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. त्या सगळ्या हातांनी भरलेल्या.

आता मुलकोवालबद्दल सांगते. ते सोडून परळबद्दल बोलणं मला खोटं वाटतं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना टोचलं. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले. त्या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या कुणालाही काही झालं नाही. बाटली परळला भरलेली, त्यामुळे बोट हाफकिन यांच्याकडे गेलं. मागणी भागेना म्हणून त्यांनी पद्धत बदलली होती. कार्बोलिक घालणं सोडून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. चौकशी समितीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना काम सोडावं लागलं.

पण त्याच चौकशीत एक साधी बाब नोंदली गेली होती. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात हलवला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. त्याच्या बीजाणूंना कार्बोलिकच्या पाण्यात नुसतं बुचकळल्याने काही होत नाही, चिमटा ज्योतीत धरायला हवा होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून दोष परळचा नाही हे मांडलं. सरकारने हाफकिन यांना परत बोलावलं, पण परळला नाही, कलकत्त्याला. मधली पाच वर्षं गेली ती गेलीच. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं, तेव्हा ते युरोपात होते.

मला या प्रकरणात हाफकिन यांच्याइतकाच तो मदतनीस आठवतो. त्याने आळस केला नव्हता. चिमटा पडल्याचं त्याला दिसलं, त्याने तो धुतला, आणि विचारल्यावर पडल्याचं सांगितलंही. त्याला ज्योतीचं कारण कुणी नीट समजावलं नसावं. माझ्या वर्गात चिमटा पडला की मूल घाबरून माझ्याकडे बघायचं. मी रागावत नसे. दिवा पेटवायला सांगायचे आणि त्या १९ माणसांची गोष्ट सांगायचे.

परळच्या कामाचा दुसरा भाग उंदरांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा. प्लेग नेमका पसरतो कशाने हे सुरुवातीला सरकारला कळत नव्हतं. दुर्गंधी, ओल, गटारं यांवर संशय. म्हणून घरं धुवायची, कौलं काढून ऊन आत घ्यायचं, मोऱ्यांत कार्बोलिक ओतायचं. गावोगावच्या लोकांना मात्र एक गोष्ट पक्की माहीत होती : घरात उंदीर पडला की घर सोडायचं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो याचा माग काढला, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे परळच्या ग्लेन लिस्टन यांनी गिनीपिग उंदीर पडलेल्या ओसाड घरांत सोडले. उंदीर मेल्यावर उपाशी पिसवा त्या गिनीपिगांच्या अंगावर जमल्या.

१९०५ पासून प्लेग कमिशनचं, म्हणजे प्लेगच्या अभ्यासासाठी नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाचं, काम याच आवारात चाललं. शहरभरातून उंदीर यायचे, प्रत्येकासोबत तो कुठे सापडला त्याची चिठ्ठी. प्रत्येक उंदीर फाडून तपासायचा, वहीत लिहायचं. आवारात लहान खोपटी बांधली होती. त्यांत लागण झालेले आणि निरोगी गिनीपिग शेजारीशेजारी ठेवले. पिसवा नसतील तर रोग पसरला नाही, असतील तर पसरला. मग एक पिंजरा जमिनीपासून दोन इंच वर आणि दुसरा दोन फूट वर टांगला. हवा तीच, वास तोच. दोन इंचावरच्या जनावराला प्लेग झाला, दोन फुटांवरचं वाचलं, कारण पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही. इतका स्वच्छ प्रयोग मी आयुष्यात फार थोडे पाहिले.

माझी आजी सातारा भागातली. तिच्या लहानपणी घरात उंदीर पडला की अख्खं गाव माळावर झोपड्या बांधून राहायला जायचं. सामान मागे, जनावरं सोबत. कॉलेजात शिकत असताना मी तिला या दोन पिंजऱ्यांचा प्रयोग सांगितला, हातानेच दोन इंच आणि दोन फूट दाखवले. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही जात होतो ते बरोबरच होतं. मग ते आमची घरं कशाला धूत बसले होते गं?"