जिन्याखालची सीडी हंड्रेड

सोलापुरात लोखंडाआधी रबर मरतं. कोकणात दोन पावसाळे उघड्यावर राहिलेली सायकल मी पाहिली आहे. तिच्या मडगार्डातून बोट आरपार गेलं असतं. आमच्याकडे तसं होत नाही. पर्जन्यछायेतलं गाव, हवा कोरडी, मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर. लोखंडावर गंजाचा तांबूस पापुद्रा धरतो आणि बऱ्याच ठिकाणी वरच्यावर थांबतो. टायरला मात्र भेगा पडतात, पेट्रोलची नळी वाकवली की तुटते, इंडिकेटरच्या काचा हातात भुगा होऊन येतात. त्यामुळे थोरल्या काकांची गाडी जिन्याखालून ओढून काढली तेव्हा ती दिसायला भयंकर आणि आतून बरीचशी शाबूत होती. हे मला अर्थातच नंतर कळलं. मोटरसायकलीबद्दलचं माझं ज्ञान तोपर्यंत पेट्रोल पंपावर झाकण उघडण्यापुरतं होतं.

गाडी हीरो होंडा सीडी हंड्रेड. हीरो आणि होंडा १९८४ मध्ये एकत्र आले, १९८५ मध्ये हरियाणातल्या धारूहेड्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली, आणि २०१० च्या अखेरीस दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. टाकीवर जोडीचं नाव अजून आहे, जोडी राहिलेली नाही. ९७.२ सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन, सिलिंडर जवळजवळ आडवा. होंडाच्या १९५८ च्या सुपर कब या छोट्या दुचाकीपासून चालत आलेल्या घराण्यातला हा आडवा सिलिंडर. त्या कबनं २०१७ मध्ये दहा कोटी गाड्यांचा आकडा गाठला. आपल्याकडे पुढे आलेल्या स्प्लेंडरच्या पोटातही हेच इंजिन होतं, म्हणून पिस्टन, रिंगा, गास्केट असलं सामान आजही कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. नवशिक्यानं पहिली गाडी उघडायची तर अशीच निवडावी. दुर्मिळ गाडीचं कौतुक जास्त होतं हे खरं, पण एका ऑइल सीलसाठी तीन गावं पालथी घालण्यात मला तरी काही शौर्य दिसत नाही.

या गाडीची जाहिरात त्या काळी फार गाजली होती: फिल इट, शट इट, फर्गेट इट. आमच्या घरानं तिन्ही आज्ञा तंतोतंत पाळल्या. काका गेले त्या वर्षी टाकीत पेट्रोल होतं, झाकण बंद होतं आणि गाडी सगळे विसरले. पेट्रोल उडून गेलं की मागे जे राहतं ते फार चिवट असतं. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाशी मधाच्या रंगाचा चिकट थर, आणि वास थेट जुन्या व्हार्निशचा. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोटीचं, म्हणजे जेटचं, भोक केसाएवढं असतं, ते या थरानं बुजतं. त्यात सुई घालायचा मोह होतो, पण पितळ मऊ असतं आणि भोक एकदा मोठं झालं की मिश्रणाचं माप कायमचं बिघडतं. रात्रभर क्लीनरमध्ये भिजवायचं आणि हवा मारायची.

हा सल्ला आणि असे बरेच सल्ले शेजारच्या जॉबरकाकांचे. त्यांचं सगळं आयुष्य पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलं. माग बंद पडला की मालक ज्याला हाक मारतो तो जॉबर. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी. शंभर मागांच्या खडखडाटात नेमका कुठला माग रडतो हे ते उभ्या उभ्या ओळखायचे असं आमची थोरली काकू सांगते. मोटरसायकल त्यांनी कधी दुरुस्त केलेली नाही, पण त्यांच्या मते यंत्र म्हणजे यंत्र. मी इंजिनच्या साइड कव्हरच्या स्क्रूवर सगळं वजन टाकून लटकलो होतो, तेव्हा ते कठड्यावरून म्हणाले, "का बे, ताकद कुणाला दाखवलालास? भिजू दे की त्याला."

भिजवण्यामागे शास्त्र आहे. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं, त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्यातली फट गंजच भरून काढतो. ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये लोखंडी स्क्रू असेल तर दोन धातूंमध्ये ओल शिरून वेगळंच दुखणं होतं; तिथं पांढरी भुकटी निघते. डिझेलमध्ये जुनं ऑइल मिसळून दोन-तीन दिवस थेंब थेंब सोडत राहायचं, मग कव्हर गरम करायचं. त्याच उष्णतेनं ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक स्क्रूपेक्षा जरा जास्त मोठं होतं. आणि फुलीचा पेचकस जपानी मापाचा हवा. आपल्या साध्या पेचकसाची फुली या स्क्रूत पूर्ण बसत नाही, घसरते आणि कडा खाते. काकांच्या गाडीवर अशा खाल्लेल्या फुल्या बऱ्याच होत्या. गंजानं केलेलं नुकसान एकीकडे आणि घाईतल्या पेचकसांनी केलेलं दुसरीकडे ठेवलं तर दुसरी बाजू जड भरेल.

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकातून तेच डिझेल-ऑइल आत सोडलं आणि किकला हात लावला नाही. जाम पिस्टनवर किक मारली तर किकचेच दात जातात. काही दिवसांनी टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू मागेपुढे केलं. आधी काहीच नाही, मग दाणाभर, मग एकदम पूर्ण फेरा. त्या संध्याकाळी मी घरात सगळ्यांना बोलावून चाक फिरवून दाखवलं. बायकोनं विचारलं, "चाक फिरतं हे नवीन आहे का?"

टाकीसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणलं. गरम पाण्यात विरघळवून टाकीत भरलं, मूठभर नट आत टाकून टाकी हलवत बसलो. आंबट पाणी गंज खातं. तांब्याच्या घागरीला चिंच लावणाऱ्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको. पाणी ओतलं ते काळपट हिरवं. पुढची धावपळ मात्र कुणी आधी सांगत नाही. गंज निघालेलं उघडं लोखंड ओलं राहिलं तर बघता बघता पुन्हा तांबूस होतं. म्हणून लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी, लगेच कोरडं करणं, लगेच आतून तेलाचा हात. हँडल आणि रिमच्या क्रोमला भाकरी गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासली. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडे पडत नाहीत आणि गंजाचे ठिपके जातात. वायरिंगबद्दल लिहीत नाही. ते मी एका वायरमनला दिलं आणि पुन्हा दिलं असतं.

खरा घोळ सीट काढल्यावर सुरू झाला. सीटच्या फोमखाली घडी घातलेला चादरीचा तुकडा होता, आपली सोलापुरी, लाल-काळ्या नक्षीची. काकांनी उंची वाढवायला घातला असणार. साइड पॅनेलचा तुटलेला कान मागाच्या पट्ट्याच्या तुकड्यानं जोडलेला. टूलबॉक्समध्ये पाने कमी, आणि मागाच्या कांडीवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळीवर, सुताऐवजी नीट गुंडाळलेली तांब्याची तार. ब्रेकच्या पेडलला एक वॉशर होता, तो कुठल्याच गाडीचा नव्हता. जॉबरकाकांनी तो हातात घेतला आणि धोट्याच्या, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या मागाच्या भागाच्या, पेटीचा म्हणून ओळखला. गिरणी बंद पडल्यावर थोरले काका यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला लागले होते. पगार वेळेवर होईलच असं नव्हतं, त्यामुळे गाडीचं सामान दुकानातून कमी आणि मागावरून जास्त यायचं.

गाडी मूळ रूपात आणायची असं मी ठरवून बसलो होतो. आता प्रश्न पडला, कुठलं मूळ? कारखान्यातून आली ते, की काकांनी वीस वर्षं चालवून केलं ते? शोरूममध्ये ही गाडी महिनाभर उभी असेल-नसेल. पितळ्यासारखी चमकणारी, एकेक स्टिकर मापानं लावलेली जुनी गाडी पाहिली की मला तिच्या मालकाचं कौतुक वाटतं आणि गाडीशी बोलायला काही सुचत नाही. तिच्यावर कुणी बसून कामाला गेलं होतं याचा पुरावाच पुसलेला असतो. मग मी माझ्यापुरता नियम केला: जीव सांभाळणारं सगळं नवं. टायर, ट्यूब, ब्रेक शू, ब्रेक आणि क्लचच्या वायरी, चेन. टायरच्या कडेला चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, तेही बघून घेतलं. धोट्याच्या पेटीचा वॉशर ब्रेकवरून गेला. बाकीचं राहू दिलं. चादर धुऊन पुन्हा सीटखाली गेली. टाकीवरचा पोचा तसाच आहे, रंग नुसता पॉलिश केला.

सुरू झाली तेव्हा सिलिंडरमध्ये उरलेल्या तेलाचा एवढा धूर निघाला की काकू पदर नाकाला लावून बाहेर आली. "हे चालवायचे तेव्हा एवढा धूर नव्हता," ती म्हणाली आणि तिथंच थांबून बघत राहिली. चार स्ट्रोकच्या गाडीनं धूर सोडायचा नसतो हे तिला बरोबर ठाऊक होतं. तेल जळून गेल्यावर धूर थांबला.

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवायची, वर जुन्या गाड्यांवरचा हरित कर. व्हिंटेज म्हणावं तर त्याला पन्नास वर्षं लागतात. म्हणजे आमची गाडी तरुण नाही आणि म्हातारपणाच्या सवलतीलाही बसत नाही. त्याआधी मालक वारल्यामुळे फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची, आणि वारस दोन: काकू आणि पुण्यातला चुलतभाऊ. गाडी बाहेर काढली त्या दिवशी मी त्याला फोटो पाठवला होता. उत्तर आलं होतं, "भंगारवाला किती देतो विचार." सुरू झाल्याचा व्हिडिओ पाठवला तर पाच मिनिटांत फोन. हिंजवडीत त्याच्या ऑफिसमध्ये म्हणे जुन्या गाड्यांची फार क्रेझ आहे. ट्रान्सपोर्टनं पाठवायला किती लागतील?

फोन स्पीकरवर होता. काकू शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी इथं येऊन किक मारून दाखव."