काळा रस्सा, पण कांदा न भाजता

आपल्याकडे रस्सा काळा झाला की समजायचं, कांदा-खोबरं झकास भाजलंय. स्पेनच्या उत्तरेकडे, बास्क भागात होणारा 'चिपिरोनेस एन सू तिंता' त्याहून काळाकुट्ट असतो, पण तो रंग माकुलाच्या म्हणजे स्क्विडच्या शाईचा. इथे कांदा भाजायला हात शिवशिवला तरी आवरायचा. कांदा जरा जरी करपला तरी रस्सा कडू होतो, आणि काळ्यात ते दिसतही नाही, जिभेवरच कळतं.

जळगाव-धुळ्याला माकूल येतं ते बर्फातलं किंवा गोठवलेलं. बोटभर लांबीचं, एक किलो घ्या. रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात सुटू द्या. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलं तर वास धरतं. डोकं हळूच ओढलं की आतडी सोबत येतात. त्यांना चिकटलेली बारीक चंदेरी पिशवी म्हणजे शाई, ती न फोडता वाटीत काढा. नळीतली पारदर्शक काडी, पायांमधली चोच आणि जांभळट साल काढून टाका. साफ करून आलेल्या माकुलात शाई नसते. मग 4 ग्रॅमच्या दोन पुड्या वेगळ्या आणाव्या लागतात.

कांदे अर्धा किलो, बारीक चिरून. भज्यांची पोपटी मिरची एक, लसूण चार पाकळ्या. पाच चमचे ऑलिव्ह तेल. शेंगदाणा तेलाचा वास इथे वर चढतो, म्हणून नको. मंद आचेवर निदान अर्धा तास, मधूनमधून हलवत. कांदा मऊ, गोडसर, फिका सोनेरी व्हायला हवा. तळाला धरायला लागला तर चमचाभर पाणी मारा. मग दोन टोमॅटो किसून घाला, पाणी आटलं की पावाची एक तळलेली फोड आणि 150 मिली ड्राय व्हाइट वाइन. वाइन नको असेल तर तेवढंच पाणी आणि चमचाभर व्हिनेगर.

तोवर पाय चिरून, थोड्या कांद्यासोबत परतून नळ्यांत भरा. दोन तृतीयांशच! शिजताना नळी आकसते, गच्च भरलेली फुटते. तोंड काडीने टाचा आणि गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर शेका.

शाई थोड्या वाइनमध्ये चिमूटभर मिठासोबत चेचा. गोठवलेल्या शाईचे कण असेच सुटतात. ती रश्श्यात घालून उकळा, रस्सा मिक्सरला फिरवून गाळा, त्यात नळ्या सोडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर 40 मिनिटं.

माकूल एक-दोन मिनिटांत मऊ असतं, नाहीतर पाऊण तासाने. मधल्या वेळात रबर. दहा मिनिटांनी चिवट लागलं म्हणून गॅस बंद करू नका, तिथेच बहुतेकांचं बिनसतं. मीठ शेवटी, कारण शाई मुळातच खारट.

स्पेनमध्ये सोबत पांढरा भात असतो. कळण्याची भाकरीही बिघडवत नाही, फक्त दात काळे झालेले चालत असतील तर.