आजीची छाट आणि माझं ‘फीलाइश्ट’

म्योन्शेनग्लाडबाख हे नाव आमच्या घरात अजून कुणाला धड घेता येत नाही. वडील ‘ते ग्लाडबाख का काय’ म्हणून मोकळे होतात. जर्मनीतलं कापडगिरण्यांचं जुनं शहर. एकेकाळी याला ऱ्हाईनलँडचं मँचेस्टर म्हणायचे, मग गिरण्या बंद पडल्या. सोलापूरच्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही.

इथल्या एका विणकाम प्रयोगशाळेत माझं हे चौथं वर्ष. पहिली तीन वर्षं मीटिंगमध्ये माझं प्रत्येक वाक्य एकाच शब्दानं सुरू व्हायचं, ‘फीलाइश्ट’. म्हणजे कदाचित. कदाचित माझं चुकत असेल, कदाचित हे तुम्ही आधीच बघितलं असेल. शाळेत ‘लई बोलते’ म्हणून जिला बाकावर उभं करायचे, तीच मी! भाषा अडत नव्हती. भीती वेगळीच होती, की पॉवरलूमच्या जॉबरची, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणाऱ्याची पोरगी चुकून इथवर आलीय हे आज ना उद्या यांना कळणार.

या दुखण्याला नावही आहे. 1978 साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याला ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ म्हटलं. चांगलं काम करणाऱ्या बायकांनाही आपण लोकांना फसवतोय असं वाटत राहतं, ते हे. वाचून चार दिवस बरं वाटलं. पण त्यांनी अभ्यासलेल्या बहुतेक बायका गोऱ्या, सुखवस्तू घरच्या होत्या. मला आपली आजीच आठवत राहिली.

आजी विड्या वळायची. कारखान्यात हजार मोजून दिल्या की चेकर त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. छाटचे पैसे नाहीत. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. तिची पाळी आली की मागच्या बायका आधीच हसायला लागायच्या. आजी छाटचा ढीग स्वतःकडं ओढायची, एकेक विडी उजेडात धरायची आणि अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत सुरू व्हायची. “ही कुठं वाकडी हाय, दाखव की. पान फाटलंय? दोरा सैल हाय?” जी खरंच खराब असेल ती मात्र स्वतःच टाकून द्यायची. तिला कुणी कधी ‘कॉन्फिडंट’ म्हटलं नाही, भांडकुदळ म्हटलं. सोलापूरजवळ कुंभारीला 2006 मध्ये विडी कामगार बायकांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, ती असल्याच भांडकुदळ बायकांच्या मोर्चांमुळं.

आणि मी? चेकरनं बघायच्या आधीच सगळा माल छाटमध्ये टाकून मोकळी.

गेल्या फेब्रुवारीत टॉवेलच्या एका नमुन्यावर आडव्या पट्ट्या दिसायला लागल्या. सगळ्यांनी सुताच्या लॉटवर खापर फोडलं. मला मात्र वाटत होतं, माग थांबून परत सुरू होतो तिथंच पट्टी पडतेय. माग उभा राहिला की ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा ताण बदलतो, आणि सुरू होताना पहिले दोन-चार आडवे धागे दाट नाहीतर विरळ बसतात. वडील म्हणूनच माग चालू करण्याआधी हातानं कापड जरासं मागं घ्यायचे. त्यांच्या डब्याची पिशवी धरून मी हे कितीदा बघितलं असेल.

‘फीलाइश्ट’ ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, “दोष सुताचा नाही. माग कधी कधी थांबला त्या नोंदी काढा आणि पट्ट्यांशी जुळवून बघा.” आवाज थोडा चढला असावा, समोरच्यानं कॉफीचा कप खाली ठेवला.

14 पट्ट्यांपैकी 12 जुळल्या. उरलेल्या दोन खरोखरच सुताच्या होत्या. ते मीच आधी बोलून टाकलं.

रविवारी घरी फोनवर सांगितलं. वडील बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “मागाला हात लावू दिला का गं त्यांनी?”

“दिला की.”

मागून आजीचा आवाज आला, “पगार वाढवला का, ते विचार तिला.”